पंचफुलाबाईंचा अठरा हजारांचा हेडफोन

मारेगावच्या रिटायर नर्स पंचफुलाबाईंनी अठरा हजारांचा हेडफोन घेतला, तेव्हा त्यांचे यजमान धर्मपाल भडकले. बाजार समितीतून निवृत्त झाल्यापासून ते कापसाचे पडलेले भाव दिवसभर घरातच ओरडून सांगत.

"दोनशेचा होता ना तुह्याजवळ? मंग हा कायले?"

"त्याच्यात गाण्यासंगं तुमचा कापूसबी आयकू येत होता."

धर्मपालांनी चिडून हेडफोन हिसकावला आणि स्वतःच्या डोक्यावर चढवला. पंचफुलाबाईंनी संधी साधली. बत्तीस वर्षं पोटात ठेवलेलं सगळं त्यांनी सासूसकट तोंडावर सुनावलं. धर्मपाल त्यांच्या हलत्या ओठांकडे बघत गाण्यावर मान डोलवत राहिले.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "माल चांगला हाय. पण तू काय म्हणून राह्यली होती?"

"काही नाही," पंचफुलाबाई म्हणाल्या. त्यांना फार हलकं वाटत होतं. "आजून एक गाणं आयका ना."