एका ओळीचं वर्णन

मी डायलिसिस केंद्रात सॉफ्टवेअर सांभाळतो. माझी सख्खी ताई अठरा वर्षं तिथल्याच काउंटरवर बसायची, आणि ही नोकरी मला तिच्याच शब्दावर मिळाली. एरवी हे मी कुणाला सांगत नाही. पण आता लाज सांगायलाच बसलोय तर सगळंच सांगतो.

फोन घ्यायला केंद्राने एआय एजंट आणला. रुग्णाचं ऐकायचं आणि त्याला डायलिसिसची पाळी द्यायची, बदलायची किंवा रद्द करायची, हे त्याचं काम. त्यासाठी त्याला आमची नऊ टूल्स, म्हणजे एकेक काम करणारे छोटे प्रोग्राम, जोडून दिली होती. त्याला ना पडदा दिसतो ना बटणं. टूलसोबत आपण जे वर्णन लिहून देऊ तेवढं वाचून तो कोणतं चालवायचं ते ठरवतो. ती वर्णनं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला लिहिण्याचा मनापासून कंटाळा. नऊच्या नऊ मी एका दुपारीत उरकली.

त्यातलं एक टूल रुग्णाच्या पुढच्या सगळ्या पाळ्या पुसून टाकतं. रुग्ण गाव सोडून गेला किंवा वारला, तरच ते वापरायचं. हे केंद्रात प्रत्येकाला ठाऊक, म्हणून कुठेच लिहिलेलं नाही. मी लिहिलं, ‘रुग्णाचं बुकिंग रद्द करतं.’

ताईने मागे उभं राहून ते वाचलं. “अरे, कधी वापरायचं नाही तेही लिही की. नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी हेच सांगते.”

“ताई, तो माणूस नाहीये.”

“म्हणून तर म्हणतेय. माणूस अडला तर निदान मला हाक मारतो.”

“तू आपलं काउंटर बघ,” मी म्हणालो. शेजारच्या दोघी नर्स हसल्या आणि मी उगाच फुशारलो.

तिसऱ्या आठवड्यात एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. या मंगळवारी जमत नाही, गुरुवारी नेहमीसारखा येतो, म्हणाले. एजंटने माझी ओळ वाचली आणि ते टूल चालवलं. गुरुवारी मास्तर आले तर यादीत त्यांचं नावच नाही. ताई त्या दिवशी रजेवर होती. बदलीवरच्या बाईंनी त्यांना शनिवारी या म्हणून परत पाठवलं. शुक्रवारी त्यांच्या छातीत पाणी भरलं. अतिदक्षता विभागात चार दिवस काढून मास्तर कसेबसे वाचले.

मीटिंगमध्ये केंद्राच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी विचारलं, “हे झालं कसं?”

एजंटच्या कामाची नोंद माझ्यासमोर उघडीच होती. त्यात त्याने लिहिलं होतं, ‘वर्णनानुसार हे टूल एक पाळी रद्द करते असे दिसते. याहून अधिक माहिती दिलेली नाही.’ बिचाऱ्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी लॅपटॉप मिटला.

“एजंट कधीकधी मनचं करतो,” मी म्हणालो. “आणि बदलीवरच्या बाईंना ताईने नीट समजावलं नसावं.”

ताई समोरच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. “असेल,” ती म्हणाली.

एजंट तात्पुरता बंद झाला. दुसऱ्या दिवसापासून ताई आत रेकॉर्ड रूममध्ये फायली लावू लागली. काउंटरवर रुग्ण विचारत, ताई कुठेत? मी मान खाली घालून पुढे सटकायचो. ताईंना आत का टाकलं, असं बायकोने जेवताना विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

त्या दिवसांत मी सगळी वर्णनं नव्याने लिहिली. टूल कधी वापरायचं, कधी नाही, केलेलं काय परत आणता येत नाही, शंका आली तर थांबून कोणाला विचारायचं. लिहिता लिहिता लक्षात आलं, यातली एकही ओळ माझी नव्हती. प्रत्येक गोष्ट ताईने मला कधी ना कधी सांगितलेली होती आणि मी ‘हो गं’ म्हणून उडवून लावली होती. स्वतःचीच किळस आली.

शेवटी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. एजंटची नोंद दाखवली, माझी ती ओळ दाखवली, मीटिंगमध्ये खोटं बोललो तेही सांगितलं. “चूक माझी आहे. ताईला बाहेर काउंटरवर आणा.”

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “हे तुमच्या ताईंनी मला मीटिंगच्याच संध्याकाळी सांगितलं होतं.”

“मग तिला आत का पाठवलंत?”

“मी नाही पाठवलं. त्यांनीच मागून घेतलं. म्हणाल्या, मास्तरांचं काय झालं ते काउंटरवर लोक विचारणार आणि मला खोटं बोलता येत नाही. तो आपणहून येऊन सांगेल, तोवर त्याला बोलावू नका, चारचौघांत त्याची शोभा नको.”

मी उठायला लागलो.

“किती दिवस थांबू, असं मी विचारलं,” मॅडम म्हणाल्या. “तर म्हणाल्या, दोन दिवसांत येईल. मी वाढवलाय त्याला.”

तो सोळावा दिवस होता.