धाकट्याचा झिजलेला आवाज

मित्रांनो, हसणार नसाल तर सांगते. मी एक जुनी तबकडी आहे, जॅझच्या गाण्यांची. काळी, ताटाएवढी, कडेला टवका उडालेली.

दोन भावांनी मला जन्म दिला. थोरला ट्रम्पेट वाजवायचा, धाकटा सॅक्सोफोन. आजारी वडिलांपाशी कोण थांबलं आणि कोण नाही, यावरून दोघांत कडक अबोला होता. तरी माझं रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी ते एका खोलीत उभे राहिले. पुढ्यात लिहिलेलं काहीच नाही. एकाने सूर टाकायचा, दुसऱ्याने तो झेलून पुढे न्यायचा, अशीच त्यांची रीत. धाकट्याने सुरुवात केली ती माफी मागावी तशी. मग थोरल्याने उत्तर दिलं. लोकांनी त्या जुगलबंदीला डोक्यावर घेतलं. भाऊ मात्र त्या दिवशी एक शब्द न बोलता आपापल्या घरी गेले.

पुढे धाकटा आजारपणात गेला. समेट राहूनच गेला हो!

त्याचा रेकॉर्ड प्लेयर थोरल्याकडे आला, सोबत मीही. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो मला मऊ फडक्याने पुसायचा, धाकट्याचा तुकडा लावायचा आणि स्वतःचा ट्रम्पेट सुरू झाला की सुई उचलायचा.

"माझं काय ऐकायचंय?" म्हणायचा.

त्याची बायको कितीदा म्हणाली, "अहो, सुई बोथट झालीये. बदला की आता."

"राहू दे गं. त्याने स्वतःच्या हाताने बसवलीये ती."

मला ओरडावंसं वाटायचं, अरे बाबा, त्याच सुईने तू त्याला खरवडतोयस! पण माझ्यावर कोरलंय तेवढंच मला बोलता येतं.

एके दिवशी धाकट्याच्या जागी नुसती खरखर आली. थोरल्याने मला पुसलं, फुंकर मारली, पुन्हा लावलं.

"आवाज वाढव गं."

बायकोने वाढवला. खरखर तेवढी वाढली. थोरला तसाच बसून राहिला, सुई उचलायचं भान त्याला राहिलं नाही. मग त्याचा ट्रम्पेट लागला, अगदी कालच वाजवल्यासारखा लख्ख.

त्याने तो पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकला.

"मी त्याला इतकं तोडून बोललो होतो?" त्याने विचारलं.

बायकोने सुई उचलून ठेवली.

मित्रांनो, बोथट सुई वेळेवर बदला, तबकड्या जपा. आणि घरात कुणाशी अबोला असेल, तर आजच जाऊन बोला. माझ्याजवळ आता धाकट्याची माफी उरलेली नाही. थोरल्याचा राग तेवढा आहे, आणि तो अजून पुष्कळ वर्षं टिकेल.