परत फिरणाऱ्यांची मोजणी

ऑफिसात तिला पाठीमागे सगळे 'मोजपट्टी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. रस्ते आणि चौक नव्यानं आखून देणाऱ्या कंपनीत ती प्रकल्प व्यवस्थापक होती. आकडा हातात आल्याशिवाय ती कुठल्याही नकाशावर सही करत नसे.

बाजारापुढच्या चौकाचे आकडे तर अगदी सरळ होते. गाड्यांची रांग लांबच लांब, पायी ओलांडणारे तासाला जेमतेम नऊ. म्हणून तिथला पादचाऱ्यांचा सिग्नल काढून वळणाऱ्या गाड्यांना जादा मार्गिका द्यायची ठरली. तिनं सही केली. सोमवारी फाइल मंजुरीला जायची होती.

शनिवारी ती मामांकडे गेली. ते त्याच चौकाजवळ राहत. हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली, आता गुडघ्यांनी दगा दिलेला. चौकापलीकडच्या वाचनालयात हल्ली जाता ना, असं तिनं सहज विचारलं. मामीच आतून म्हणाल्या की रोज निघतात आणि दहा मिनिटांत परत येतात.

मामा ओशाळले. "कडेपर्यंत जातो गं. पण मी निम्म्यात पोहोचेपर्यंत दिवा लाल होतो. एकदा गाड्यांच्या मधोमध अडकलो, तेव्हापासून धीर होत नाही. जरा उभा राहतो आणि मागे फिरतो."

"तुम्ही एकटेच?"

"छे, आम्ही बरेच जण आहोत. आता एकमेकांना ओळखतो."

तिच्या माणसांनी पट्ट्यांवरून गेलेलं प्रत्येक पाऊल मोजलं होतं. कडेवरून मागे फिरलेलं एकही मोजलं नव्हतं.

सोमवारी ऑफिसच्या आधी ती मामांबरोबर चौकातल्या बाकावर बसली. कोण वाट बघतोय आणि कोण हाय खाऊन थांबलाय, हे मामा तिला हळूच सांगत होते. तासाभरात आठ जण पलीकडे गेले. सव्वीस मागे फिरले. त्यात बाबागाडी ढकलणारी एक आई होती आणि कुबडी घेतलेला एक शिंपी.

ऑफिसात जाऊन तिनं ही मोजणी कागदावर साहेबांपुढे ठेवली आणि फाइल थांबवायला सांगितलं. साहेबांनी कागद वरखाली केला. "पण फॉर्ममध्ये असा रकानाच नाही."

"फॉर्म मीच केलाय, साहेब. चूक माझी आहे."

साहेब चांगलेच वैतागले. दोन आठवडे ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. पण नवा रकाना घालून तीन दिवस पुन्हा मोजणी झाली, तेव्हा तिन्ही दिवसांचे आकडे तिच्या आकड्यांसारखेच निघाले. त्यांनी मुकाट्यानं सही केली. जादा मार्गिका रद्द झाली. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा पंधरा सेकंदांवरून अठ्ठावीस सेकंदांवर गेला आणि मधोमध थांबायला कठड्याची जागा आली. काम पाच आठवडे लांबलं.

नवा सिग्नल सुरू झाला त्या सकाळी ती मामांना हाताला धरून न्यायला गेली. ते घरी नव्हते. मामी म्हणाल्या, केव्हाच गेले. ती घाईनं चौकात आली, तर मामा वाचनालयाच्या पायऱ्या चढत होते. तिनं हाक मारली, पण गाड्यांच्या आवाजात हाक त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. दिवा नुकताच लाल झाला होता. बाबागाडीवाल्या एका बाईशेजारी ती वाट बघत उभी राहिली.