पडद्याला शिवलेली वहिनी

गल्लीत तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि तिच्यापुढे ते नाव जरा संथच पडायचं. तिचं शिवणकामाचं दुकान होतं. मापाची पट्टी कमरेभोवती फिरली म्हणेपर्यंत तुमची बाही बेतून झालेली असायची. घरात नवऱ्याचा शेवटचा घास तोंडात आणि ताट धुऊन मांडणीवर. एकदा तर तो घास अजून ताटातच होता. भिंतीवरचं घड्याळ तिच्याकडे बघून आपली वेळ लावून घेतं, असंही लोक म्हणत. त्यात निम्मं तरी खरं असावं.

सगळ्यात जास्त घाई बोलण्यात. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं ही पूर्ण करून मोकळी. याचा ताप व्हायचा धाकट्या नणंदेला. नणंद पोस्टात खिडकीवर बसायची आणि शब्द चाळणीतून गाळल्यासारखे एकेक काढायची. भिंगरी तिला लाडानं गोगलगाय म्हणायची.

"वहिनी, मला आज..."

"भूक नाही. बरं, झाकून ठेवते."

"नाही गं, मला ना आज..."

"उशीर होणार. कळलं, जा."

नणंदेला सांगायचं होतं की तिला नाटकात काम मिळालंय. वहिनीला ते शेजारणीकडून कळलं, तेही शिळं होऊन.

मग भिंगरीची छाती धडधडायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज थोडा वेळ काहीही न करता बसा. नुसतं श्वासाकडे लक्ष द्या."

"श्वासाकडे लक्ष कशाला? तो काय पळून जातोय?"

"तुमचा जाईल, असंच चाललं तर."

भिंगरी बसली. डोळे मिटले. उघडले तेव्हा मांडीवरच्या उशीच्या अभ्र्याला काजं करून झाली होती. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, अर्धा वेळ तुम्ही बसा, म्हणजे लवकर उरकेल." नवरा दुकानात इस्त्री करायचा, शांत माणूस. तो बसला आणि घोरायला लागला. काम झालं असं समजून भिंगरीनं तो विषय संपवला.

इकडे नणंदेची तालीम जोरात चालली होती. पहिल्या अंकाच्या शेवटी तिचं एक मोठं भाषण होतं, घर सोडून निघालेल्या बाईचं. आरशापुढे ती पहिला शब्द उच्चारायची आणि स्वयंपाकघरातून वहिनी उरलेलं भाषण म्हणून टाकायची. दिग्दर्शकानं तर बजावूनच ठेवलं होतं, "पहिल्या प्रयोगात अडखळलात, तर उद्यापासून हे काम दुसरी करेल."

"वहिनी," नणंद एकदा म्हणाली, "एकदा तरी ते मला माझं..."

"पूर्ण म्हणू दे. हो गं, म्हण की."

प्रयोगाच्या संध्याकाळी पडद्याची खालची दुमड उसवली. धावाधाव झाली आणि भिंगरीला बोलावणं गेलं. ती आली, पडद्यामागं फतकल मारून बसली आणि सुई अशी चालवली की दोऱ्यातून धूर निघाला. तिसरी घंटा झाली. तिनं दातानं दोरा तोडला, उठायला गेली, तर उठवेना. आपल्या कुडत्याचा अख्खा घेर तिनं दुमडीत शिवून टाकला होता, तोही दुहेरी टाक्यानं. आणि तिचा टाका, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, जन्मात उसवत नसे.

पडदा वर निघाला. भिंगरी वजनाला चिमणीएवढी, पण चिमणीचंही वजन असतंच. पडदेवाला दोर ओढत पुटपुटला, "आज पडदा जेवून आलाय वाटतं."

वर पडदा घड्यांत गोळा झाला आणि बाई त्यात गुंडाळली गेली. बाहेर फक्त तोंड आणि पायाची बोटं. जरा हलली असती तर वर्षानुवर्षांची धूळ नटांच्या डोक्यावर पडली असती आणि सगळं नाटक शिंकत बसलं असतं. म्हणून ती हलली नाही.

नाक खाजलं. थांबलं. हात गुंडाळलेले, सुई खाली पडलेली, करायला जगात काही म्हणजे काही नाही. श्वास आला. गेला. परत आला. बाई चकितच झाली. हे आपलं आपण इतकं नीट चालतं, एक टाकाही घालावा लागत नाही. तिच्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या. वरून राजबिंड्या नायकाचं टक्कल दिसत होतं, दिव्यांची ऊब येत होती, आणि आपण कुठंही पोहोचायचं नाही या कल्पनेनं तिला भरजत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं झालं.

मग नणंद मधोमध आली.

"मी निघाले," ती म्हणाली. "पण दाराला कुलूप लावू नका, कारण..."

आणि अडकली.

विंगेतल्या प्रॉम्प्टरला नेमकी तेव्हाच वरची बोटं दिसली. तो वही विसरून आ वासून बघत राहिला. नणंदेनं घाबरून मान वर केली, तर वर वहिनीचं तोंड.

वहिनीला पुढचं पाठ होतं. वाक्य दातांमागं येऊन उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखं खडखडत होतं. खाली शांतता इतकी लांबली की एका प्रेक्षकानं गोळीचा कागद सोडला आणि लाजून परत गुंडाळला. वहिनीनं श्वास घेतला. सोडला. नुसती बघत राहिली, जणू तिच्याकडे संध्याकाळभर वेळ होता, आणि खरं तर होताच.

नणंदेनंही श्वास घेतला.

"कारण मी हळू चालते," ती म्हणाली. "परत यायला वेळ लागेल."

हे नाटकात नव्हतंच. वहीत भलतंच वाक्य होतं, आणि वहिनीनं तेच फेकलं असतं. मग टाळ्या अशा कोसळल्या की धूळ पडलीच, पण कुणाच्या लक्षात आली नाही. विंगेत दिग्दर्शक नाक पुसत म्हणाला, "रोज हेच म्हणायचं."

पडदा खाली आला, भिंगरीसकट. नाटक बघायला आलेला नवरा कात्री घेऊन धावला. नणंद त्याच्या आधी पोहोचली.

"वहिनी, तू वर... तू काही..."

वहिनी थांबली. पडदेवाल्यालाच राहवेना. "अहो बोला की पुढे."

"तू काही बोलली नाहीस," नणंद म्हणाली.

"हलू नकोस," नवऱ्यानं कात्री उघडली. "कापतो."

"खबरदार हात लावलात तर," भिंगरी म्हणाली. "अजून दुसरा अंक आहे तिचा."

"अगं, तुला पाठ आहे ना सगळा?"

"आहे की. पण ती काय म्हणेल, ते कुठं ठाऊक आहे?" आणि तिनं पडदेवाल्याला दोर ओढायची खूण केली.