मनकर्णाचं पान

"मनकर्णा बी येऊन राह्यली," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती थेट चुलीत पडली.

"कुठे?"

"कोठी म्हंजे? आदिलाबादले. तुह्या कार्यक्रमाले. अकरा जणी हाओत आमी. नऊच्या बसनं."

"तिला कशाला उगाच? तिच्या शेळ्या आहेत ना."

"शेळ्या भागाबाई पाहते. पण तू काऊन घाबरून राह्यली?"

अंगणात दाढी करत बसलेल्या आमच्या ह्यांनी आरशातूनच हाक दिली, "केतकीबाई, भाकरी जळून राह्यली!"

केतकी म्हणजे मीच. शाळेच्या हजेरीपटावर मी विमल, तामसी मंडळातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका मराठी शाळेची मास्तरीण. पण विमल या नावावर प्रेमकथा खपत नाही, असं नागपूरच्या प्रकाशकांनी पहिल्याच पत्रात कळवलं होतं. तेव्हापासून वर्षाला एक कादंबरी केतकीच्या नावावर निघते. पहाटे चारला उठून चुलीच्या उजेडात दोन पानं लिहायची, मग भाकऱ्या थापायच्या, मग दुसरीच्या पोरांना पाढे शिकवायचे, आणि संध्याकाळी बसच्या ड्रायव्हरने आणून दिलेली प्रुफं तपासायची. माझ्या नायिका मात्र कायम गच्चीवर चांदणं बघत उभ्या असतात. आमच्या घराला गच्ची नाही, आणि चांदणं बघायला मला सवड नाही. ह्यांना मंडळ कार्यालयातले लोक चिडवतात, "सुधाकरराव, घरी बी असेच डायलॉग असतात काय?" हे म्हणतात, "घरी फक्त मिठाचा डब्बा कोठी हाये हेच डायलॉग."

सासूबाईंचं मात्र वेगळं होतं. जयवंताबाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला. त्यांना सहीसुद्धा येत नाही. सुनेचं नाव पुस्तकावर छापून येतं, खोटं का असेना, याचा त्यांना इतका अभिमान की आदिलाबादच्या वाचनालयात माझ्या सातव्या कादंबरीतलं वाचन आहे हे कळताच त्यांनी अर्धी आळी गोळा केली होती. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चूक मी केली होती, आणि ती चौऱ्याहत्तराव्या पानावर छापली गेली होती.

ती अशी. दर गुरुवारी, आमच्या गावच्या बाजाराच्या दिवशी, शाळा सुटल्यावर बायका माझ्या ओट्यावर पत्र लिहून घ्यायला येतात. कुणाचा मुलगा हैदराबादला, कुणाची लेक किनवटला दिलेली. त्या सांगतात, मी लिहिते, वाचून दाखवते, निळं इनलँड चिकटवून हातात देते. आणि त्या गेल्या की त्यातलं एखादं चांगलं वाक्य वहीत उतरवून ठेवते. माझ्या लिखाणाची हीच पद्धत. आजवर मी वाक्यंच घेतली होती. मनकर्णाचं मात्र अख्खं पत्र घेतलं.

तिचा नवरा चंपत चार वर्षांपूर्वी बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत गेला, आणि तिथे त्याने दुसरं घर केलं. हे फक्त मनकर्णाला आणि, पत्र लिहिणारी म्हणून, मला ठाऊक होतं. गावात ती सांगायची, खाणीत रजा मिळत नाही, म्हणून ते शेवटच्या बसने येतात आणि पहाटेच्या पहिल्या बसने जातात. तिचं घर गावाच्या टोकाला, पलीकडे कापसाचं रान. दारात पुरुषी चपला दिसायच्या, मग कोण कशाला विचारणार? गेल्या वर्षी तिने चंपतला पत्र घातलं. त्याचं उत्तर आलं नाही. माझ्या कादंबरीच्या नायिकेने मात्र ते पत्र आपल्या डॉक्टर नवऱ्याला लिहिलं, आणि नागपूरपासून नांदेडपर्यंतच्या बायका ते वाचून रडल्या. मला एकशे बारा पत्रं आली. सगळी त्याच एका पानाबद्दल.

मनकर्णाला वाचता येत नाही. खरं सांगते, मी याच भरवशावर ते छापलं होतं. पुस्तकाचं वाचनही करावं लागतं, ते मोठ्याने करतात आणि ऐकायला अक्षरओळख लागत नाही, हे माझ्यासारख्या मास्तरणीच्या डोक्यात आलं नाही.

बसमध्ये मनकर्णा नेमकी माझ्याच शेजारी येऊन बसली. ठेवणीतलं हिरवं लुगडं, केसांना तेल, पाय नेहमीसारखे अनवाणी. तिच्या पायात मी कधी काही पाहिलं नव्हतं. भादव्याची झड नुकतीच उघडली होती आणि तिच्या टाचांना काळ्या मातीचा थर होता.

"बाई, मले तं वाचता येत नाही," ती म्हणाली. "म्हटलं आज ऐकन तरी. तुमी माह्याकडून काही शिकल्या का नाही इतक्या वर्षांत?" आणि स्वतःच्याच थट्टेवर खळखळून हसली.

हीच वेळ होती. मनकर्णा, एक सांगायचंय, एवढं म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरून विठाबाईने मागे वळून भाजलेल्या शेंगा दिल्या, मनकर्णाने त्या सोलून माझ्या हातावर ठेवल्या, आणि मी त्या खाल्ल्या. कादंबरीत मी नायिकेला तीन तीन पानं कबुलीजबाब द्यायला लावते. माझ्या तोंडून तीन शब्द निघाले नाहीत. आदिलाबाद आलं.

वाचनालयाच्या दाराशी प्रकाशक भगवानराव उभे होते. टेबलावर पुस्तकांची चळत आणि त्यावर माझा दहा वर्षांपूर्वीचा फोटो.

"केतकीताई, हॉल भरला हो! कॉलेजच्या मुली आल्यात. चौऱ्याहत्तर पानाला खूण घालून ठेवलीय."

"आज ते नको," मी म्हटलं. "पहिलं प्रकरण वाचते."

"पहिलं प्रकरण?" ते हसले. "ताई, राग मानू नका, पण बाकीचं पुस्तक तुम्ही लिहिता तसं आहे. ते पत्र मात्र कुणीतरी वेगळ्याच ताकदीने लिहिलंय. लोक त्याच्यासाठी आलेत."

ते कौतुक करत होते. मला कानाखाली बसल्यासारखं झालं.

तिसऱ्या रांगेत आमच्या गावच्या अकरा जणी ओळीने बसल्या होत्या. मधोमध सासूबाई, त्यांच्या डाव्या हाताला मनकर्णा. मी माईकसमोर पहिलं प्रकरण वाचायला घेतलं. बाग, कारंजं, नायकाच्या डोळ्यांतली खोली. चार पानांनंतर लोक खोकू लागले. खुर्च्या करकरल्या. मी पुस्तक मिटून "धन्यवाद" म्हटलं तशी मागून दोन वेण्या घातलेली एक मुलगी उठली.

"मॅडम, ते पत्र वाचा ना. आम्ही इच्चोड्याहून तेवढ्यासाठी आलो."

टाळ्या पडल्या. भगवानरावांनी पान उघडून पुस्तक माझ्यासमोर धरलं. मी म्हटलं, घसा बसलाय. कुणीतरी पाण्याचा पेला आणून दिला. आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून मनकर्णाचाच आवाज आला, "वाचा ना बाई! लाजून काऊन राह्यल्या? आपलीच तं मान्सं हाओत!"

सगळा हॉल हसला. मी वाचायला लागले, आणि चपलांच्या जागी छत्री घातली.

"तुम्ही येऊ नका हवं तर. पण तुमची छत्री मागू नका. रोज तिन्हीसांजेला ती मी दाराशी..."

"छत्री नाही मॅडम, चपला!" ती मुलगी पुन्हा उठली. तिचे डोळे चमकत होते. "माझं पाठ आहे. म्हणू?"

मी नको म्हणेपर्यंत तिने सुरू केलं होतं.

"तुम्ही येऊ नका हवं तर. पण तुमच्या चपला मागू नका. रोज तिन्हीसांजेला त्या मी दाराशी ठेवते, सकाळी आत घेते. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटतं, घरात माणूस आहे. दुसरं काही मागत नाही. एवढं तुम्ही मला ठेवा."

किती छान म्हणत होती ती! मनकर्णा ओट्यावर सांगताना जिथे थांबली होती, नेमकी तिथेच ती मुलगीही थांबली.

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मनकर्णा वाजवत नव्हती. तिने पदर पुढे ओढून घेतला आणि दोन्ही पाय खुर्चीखाली मागे घेतले, एवढंच. माझ्याकडे पाहिलंही नाही. आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या दहा बायका ताठ मानेने समोर बघत होत्या. एकीनेही तिच्याकडे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, वाचले. त्यांच्या काही लक्षात आलेलं दिसत नाही.

त्यानंतर मी एकोणचाळीस पुस्तकांवर सह्या केल्या. केतकी, केतकी, केतकी.

परतीच्या बसमध्ये मनकर्णा पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसली. तिच्या शेजारी विठाबाई बसली आणि वाटभर शेळीच्या दुखऱ्या पायाबद्दलच बोलत राहिली. मनकर्णा "हाव, हाव" म्हणत होती. गावात उतरल्यावर सगळ्या जणी आपापल्या वाटेने गेल्या. मला कुणी "छान झालं" म्हटलं नाही. रागावलंही नाही कुणी.

घरी आल्यावर सासूबाई ओट्यावरच टेकल्या. मी चहा आणला, त्यांनी तो बाजूला ठेवला.

"ते मनकर्णाच्या तोंडचं व्हतं," त्या म्हणाल्या.

मी चहा पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"आमाले का मालूम नव्हतं? साऱ्याइले मालूम व्हतं. चार वर्षं झाली त्या चपला दारात दिसतात. भर पावसात बी दिसतात. त्याइले कधी चिखल लागला काय?"

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"काऊन बोलाव? तिचं तेवढंच व्हतं. आमी अडाणी बाया, पण चार वर्षं गप रायलो ना. तू शिकलेली." त्या उठल्या. "तू बोलली. तेबी माईकवर."

त्या आत गेल्या. माझ्या सासूने अठरा वर्षांत मला कधी वेडंवाकडं म्हटलं नव्हतं, आणि आजही त्यांनी आवाज चढवला नव्हता. चहावर साय धरेपर्यंत मी तिथेच बसून होते. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे, "चिखल लागला काय" हे वाक्य माझ्या मनाने कुठेतरी लगेच टिपून घेतलं होतं. तेवढ्यासाठी स्वतःला एक मुस्काटात मारावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी मुद्दाम मनकर्णाच्या घरावरून गेले. दार लोटलेलं होतं. मी दोनदा हाक मारली. आतून शेळी ओरडली, दुसऱ्या कुणी ओ दिली नाही. मंगळवारीही तेच झालं.

गुरुवारी बाजार भरला. शाळा सुटल्यावर मी ओट्यावर सतरंजी टाकली, पेन काढलं, डिंकाची बाटली ठेवली. शकुबाई समोरून गेली, हातात कोरं इनलँड. तिने मान हलवून रामराम केला आणि ती पुढे गेली. रेणुकाबाई आली, सासूबाईंशी दोन शब्द बोलून गेली. पाच वाजेपर्यंत सतरंजीवर कुणी बसलं नाही. ह्यांनी कार्यालयातून आल्यावर एकदा सतरंजीकडे पाहिलं आणि आज कुठलीच थट्टा केली नाही.

साडेपाचला मनकर्णा आली. चिखलाचा रस्ता तुडवत सरळ ओट्यावर चढली आणि समोर बसली. पदराच्या गाठीतून इनलँड काढून माझ्यापुढे ठेवलं.

"मनकर्णा," मी म्हटलं, "मी चुकले. मला तुला विचारायला..."

"लिवा," ती म्हणाली.

मी पेन उचललं.

"चंपतले लिवा. तुमच्या चपला मी घातल्या. आता त्या दारात राहत नाहीत. तुमाले लागन तं नव्या घ्या." ती थांबली. मी वाट पाहिली. "झालं. खाली माह्यं नाव टाका. माह्यंच टाका."

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. शब्दही इकडचा तिकडे केला नव्हता. मग सवयीने डिंकाची बाटली उघडली, तशी तिने हात पुढे केला.

"राहू द्या. पोस्टात नागनाथभाऊ हायेत. त्याइच्याकडून वाचून घेतो, मंग चिकटवतो."

"मी आत्ताच वाचून दाखवलं ना, मनकर्णा."

"हाव," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "दाखवलं तुमी."

उघडं पत्र हातात धरून ती उठली. तेव्हा मला तिचे पाय दिसले. मोठ्या, पुरुषी चपला, टाचेमागे दोन बोटं जागा उरलेली, आणि अंगठ्यापर्यंत काळ्या चिखलाने भरलेल्या. त्या फटफट वाजवत ती ओट्यावरून उतरली आणि भर बाजारातून, सगळ्या गावासमोरून, पोस्टाकडे चालू लागली.

सासूबाई दारात आल्या. सतरंजीपाशी चिखलाचे ठसे उमटले होते. त्यांनी ते पाहिले, आणि हातातला झाडू परत दारामागे उभा करून ठेवला.