टिकारामने गिळलेली ईर

मी ईर बोलतेय. दचकू नका, मी वस्तू नाही, शब्द आहे. दुसऱ्याच्या मागे राहायचं नाही, अशी जी धग माणसाच्या आत उठते ना, तिचं नाव मी. कोणत्या तोंडात जन्मले, देव जाणे. एकटीदुकटी मी फारशी फिरत नाही. माणूस ‘इरेला पेटतो’, नाहीतर ‘इरेला पडतो’. असले सोबती असताना मी आधीच शहाणं व्हायला हवं होतं.

कामठ्याजवळच्या टिकारामच्या घरी माझे भारी लाड. धान कापताना तो बायकोला, रुख्माला म्हणायचा, “ईर पायजे माणसाले, ईर!” मी फुशारून जायची.

१९५३च्या माघात शंकरपट भरला. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि पटाला सोयरेधायरे आलेच पाहिजेत. टिकारामच्या लेकीचे सासरे ईश्वरदासही आले. व्याह्याची थट्टा करायची रीतच आहे. गोठ्याशी उभं राहून ते म्हणाले, “इवाई, तुमचे बईल चिखलाचे. पटात काय धावतीन?”

हसून सोडायची गोष्ट. पण टिकाराम इरेला पेटला.

रुख्मा आडवी आली. “कायले इरेला पडून राहिले? पवळ्या बईल म्हातारा झाला आता.”

ऐकतो कोण! जोडी पटात उतरली आणि जिंकलीसुद्धा. “काय ईर हाय गड्यात!” मी तोंडातोंडी नाचत होते. तेवढ्यात पवळ्याने गुडघे टेकले. नाकातून रक्त आलं, मान मातीत पडली. टिकाराम अजून फेटा उडवत होता. मी जागीच गोठले. अगं बाई, हे मी केलं?

आषाढात धानाची रोवणी आली, चिखल करायला बैल उरला एकच. एका सकाळी ईश्वरदास आपला बैल घेऊन अंगणात उभे राहिले.

“जुपा याले, इवाई. माया तोंडानं झालं सारं.”

टिकारामची मान ताठ झाली. मी त्याच्या जिभेवर आले. तो काय बोलणार ते मला कळलं आणि माझाच मला धसका बसला.

रुख्मालाही कळलं. तिने जू आणलं, त्याचं एक टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं. “त्यायचा बईल नोको, तं मले जुपा.”

टिकाराम तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने मला गिळलं आणि ईश्वरदासांच्या हातातला कासरा घेतला.

आजवर मला हजार तोंडांनी मिरवलं. गिळलं ते त्यानेच पहिल्यांदा. बाबांनो, माझी शपथ आहे तुम्हाला, कधीमधी गिळत जा मला.