प्लासीचं दफन

गिएरी कावेल्टीने झुरिकमध्ये इतकं काँक्रीट ओतलं होतं, की त्याच्या पाद्रुन गावचे लोक म्हणत, "आपला गिएरी शहर बांधत नाही, बुजवतोय." गवंड्याच्या हाताखाली काम करायला म्हणून डोंगर उतरलेल्या या माणसाचं नाव पन्नाशीत क्रेनांवर रंगवलेलं होतं. दुसऱ्यांसाठी तीन चित्रपटगृहं बांधून झाल्यावर चौथं त्याने स्वतःसाठी बांधलं. संध्याकाळी मागच्या रांगेत बसून पडद्याच्या उजेडातले चेहरे बघत राहणं, हे त्याचं एकच व्यसन. तिथे बसल्या बसल्याच त्याच्या मनाने घेतलं, की आता आपल्या खोऱ्याचा सिनेमा काढायचा. हिमकड्याचा.

काही वर्षांपूर्वी पाद्रुनवर खरोखरच हिमकडा कोसळला होता. गेले त्यांतले बाकी सगळे सापडले. सापडला नाही तो प्लासी, गिएरीचा मामेभाऊ. त्याला दरीतल्या नदीने नेलं. वसंतात बर्फ वितळलं, गावाने काठ पालथा घातला, पण हाती काही आलं नाही. चर्चमध्ये प्रार्थना झाली, खड्डा खणला नाही.

शहरातला दिग्दर्शक एबनर सामान घेऊन गावात आला तेव्हा गावाने फार कुरकुर केली नाही. गिएरी घरचा माणूस होता आणि तो कामाचा रोज देत होता. खानावळवाला फिदेल म्हणाला, "तेव्हा फुकट मेलो, आता रोजावर मरायचं. बरकत आहे."

स्मशानातल्या प्रसंगाच्या दिवशी एबनरला एक विधवा हवी होती. त्याने गर्दीतून बोट केलं ते नेमकं बार्लाकडे, प्लासीच्या बायकोकडे. गिएरी मधे पडेल असं दोघातिघांना वाटलं. तो पडला नाही. उलट एबनरला खोऱ्याची रोमान्श भाषा येत नव्हती, म्हणून सांगायचं काम त्यानेच केलं.

"वहिनी, पेटी खाली सोडताना पुढे ये. तिच्यावर हात ठेव. एवढंच."

बार्ला पुढे झाली, रिकाम्या पेटीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "प्लासी."

एबनर खूश झाला. "काय म्हणाली ती? फारच छान. पण घाई केली. परत."

 गिएरीने आपल्या मायबोलीत सांगितलं, "वहिनी, परत." दुसऱ्यांदा ती मधेच थांबून त्याच्याकडे बघत राहिली. त्याने हाताने खूण केली, कर, कर. तिसऱ्यांदा ती पेटीवर ओणवी झाली ती उठेचना. शेवटी फिदेलच्या बायकोने तिला धरून बाजूला नेलं. संध्याकाळी सगळ्यांनी रोज घेतला. बार्लाने घेतला नाही.

सिनेमा पहिल्यांदा लागला तो गिएरीच्याच चित्रपटगृहात. तो प्रसंग आला तशी पुढच्या रांगेतली एक बाई नवऱ्याला म्हणाली, "खेडवळ आहे, पण काय रडते." आणि चॉकलेटचा कागद सोलत राहिली. गिएरीचे कान तापले. पडद्यावर बार्लाची पाठ हलत होती आणि ती का हलते आहे हे त्या अंधारात एकट्या त्यालाच माहीत होतं. तो उठून बाहेर आला आणि खेळ सुटेपर्यंत प्रसाधनगृहात तोंडावर पाणी मारत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रसंग कापायला लावला. एबनर भांडला, निघून गेला. त्या प्रसंगाविना सिनेमा बरा चालला. पण गिएरीच्या मनाची टोचणी काही गेली नाही, म्हणून शरद संपता संपता तो पाद्रुनला गेला.

बार्ला स्वयंपाकघरात जवाच्या सुपासाठी कांदे चिरत होती.

"वहिनी, तुला सांगायला आलो. तुझा तो प्रसंग मी काढून टाकला."

सुरी थांबली. "काढला म्हणजे?"

"कापला. आता कुठेच दिसणार नाही. मी तुझ्याकडून ते करवून घ्यायला नको होतं. मला लाज वाटली."

"कुणाची? माझी?"

"नाही गं. माझी मलाच."

बार्ला बसली. "रविवारी आम्ही सगळे खाली कूर शहरात जाणार होतो, सिनेमा बघायला. फिदेलने बस सांगितली आहे." मग बराच वेळ ती बोटाने पाटावरची कांद्याची सालं गोळा करत राहिली. "पेटी रिकामी होती हे मला कळत नव्हतं का? पण पाद्री खरा होता. माती आपली होती. गाव उभं होतं. पहिल्यांदा मी गोंधळले, दुसऱ्यांदा तुझा राग आला. तिसऱ्यांदा मात्र मी त्याला नीट पोचवलं, गिएरी. त्याचं दफन तेवढंच झालं. ते तू कापलंस आणि मला विचारलंसुद्धा नाहीस."

 आपण चूक सुधारायला आलो आहोत अशा ऐटीत गिएरी उंबरा ओलांडून आला होता, हे त्याच्या आता ध्यानात आलं.

झुरिकला परतून त्याने सगळं धुंडाळलं. कापलेला तुकडा कचऱ्यात गेला होता. फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेत वापरात न आलेल्या तुकड्यांच्या डब्यात फक्त दुसऱ्या वेळचं चित्रण मिळालं. तेच घेऊन, सिनेमा दाखवायचं यंत्र मोटारीत घालून तो परत वर गेला. शाळेच्या खोलीत चादर टांगली. झाडून सगळं गाव आलं.

चादरीवर बार्ला पेटीपाशी आली, थबकली, आणि कुणाकडे तरी बघू लागली. तेवढ्यात चित्राच्या कडेने एक हात आत आला. जाड मनगट, सोन्याचं घड्याळ. तो हात तिला हाकत होता, कर, कर. त्या हातामुळेच हा तुकडा बाद झाला होता, आणि गिएरीने तो न बघताच आणला होता. घड्याळ कुणाचं हे विचारायची कुणाला गरज पडली नाही.

दिवा लागला. 

"हे ते नव्हे," बार्ला म्हणाली. मग उठून शाल सावरली. "पण चर्च छान दिसतंय. आणि म्हातारा पाद्री आहे त्यात, आता तोही गेला. चल, जेवून जा."

तिच्या टेबलाशी चारपाच जण बसले. रस्ता, गवत, दुधाचा भाव अशा गोष्टी निघाल्या. गिएरीने ताटलीवरून मान वर केली नाही.

त्यानंतर त्याने सिनेमा काढला नाही. चित्रपटगृह भाड्याने दिलं. मागच्या रांगेत बसवेना त्याला. बांधकामं चालू राहिली. दरवर्षी मृतांच्या स्मरणाच्या दिवशी मात्र तो पाद्रुनला जाई. बार्ला त्याला सूप वाढायची, गुडघ्यांची चौकशी करायची. त्या तुकड्याचा विषय तिने पुन्हा कधीच काढला नाही, आणि तो काढायची हिंमत गिएरीला झाली नाही.